आयएनएसव्ही म्हादेई

हा लेख भारतीय नौदलाच्या शिडाच्या नौकेविषयी आहे. नदीसाठी म्हादई नदी हा लेख पाहा.

आयएनएसव्ही म्हादेई ही भारतीय नौदलाची समुद्रपर्यटनासाठी बांधलेली ५६ फूट लांबीची शिडाची नौका आहे. 'आयएनएसव्ही' ही अक्षरे 'इंडियन नेव्हल सेलिंग व्हेसल' या नावाची आद्याक्षरे होत. गोव्यातील दिवाडी बेटावरील अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ही नौका १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतर लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये याच नौकेतून एकट्याने, कोणत्याही बंदरात न थांबता आणि बाहेरची मदत न घेता प्रदक्षिणा पूर्ण केली. हा मानही प्रथमच एका भारतीयाला मिळाला. केप टाउन ते रिओ द जानेरो या महासागरी शर्यतीतही नौकेने भाग घेतला. पुढे महिला अधिकाऱ्यांच्या पहिल्या प्रदक्षिणा पथकाचे प्रशिक्षणही म्हादेईवरच झाले.

नाव

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई नदी गोव्यात उतरल्यावर खालच्या टप्प्यात मांडवी म्हणून ओळखली जाते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. दिवाडी बेट याच मांडवीच्या पात्रात आहे. नौका ज्या पाण्याच्या काठी बांधली गेली, त्या पाण्याचे जुने नाव तिला मिळाले. वृत्तपत्रांत म्हादईचे नाव बहुधा गोवा आणि कर्नाटक यांच्यातील पाणीवाटपाच्या तंट्यासंदर्भात येते. नौकेचा त्या वादाशी संबंध नाही.

पार्श्वभूमी

शिडाच्या नौकेतून भारतीयांनी पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची घटना म्हादेईच्या आधीही घडली होती. भूदलाच्या अभियंता दलातील अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' या नौकेतून सप्टेंबर १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात प्रदक्षिणा केली. नौदलाचे प्रशिक्षण जहाज आयएनएस तरंगिणी २००३-०४ मध्ये जगाभोवती फिरून आले. परंतु या दोन्ही सफरी अनेक खलाशांच्या पथकाने केल्या होत्या. तृष्णा नौका भारतात बांधलेली नव्हती. तरंगिणी गोव्यातच बांधलेली असली तरी ती तीन डोलकाठ्यांचे मोठे जहाज आहे. भारतात बांधलेल्या लहान नौकेतून एका भारतीयाने एकट्याने जगाला फेरी मारणे ही वेगळी गोष्ट होती आणि ती कोणी केलेली नव्हती.

ही कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात आयएनएस कामोर्टा या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळविलेले आवटी पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत असत. समुद्रापासून दूर, अवर्षणप्रवण माळावर बसून त्यांनी या योजनेचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. नौदलाने अखेर ती स्वीकारली आणि तिला 'सागर परिक्रमा' असे नाव मिळाले. आवटी यांचे निधन ३ नोव्हेंबर २०१८ रोजी झाले. तोवर त्यांच्या कल्पनेतून तीन प्रदक्षिणा घडून आल्या होत्या.

या योजनेचा मुंबईशी आणखी एक जुना धागा आहे. जगाभोवती एकट्याने न थांबता जाणारे पहिले नाविक सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहाली' ही ३२ फुटी नौका मुंबईतच सागवानी लाकडात बांधलेली होती. त्यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत इंग्लंडमधील फाल्मथ ते फाल्मथ अशी फेरी केली. मुंबईच्या सुतारांनी बांधलेली नौका हा पराक्रम करून आली, तरी पुढची चाळीस वर्षे या देशातून तसा कोणी निघाला नाही. २००६ मध्ये दोंदे यांनी या मोहिमेसाठी नाव दिले, तेव्हा त्यांना शिकण्यासाठी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच पाठविण्यात आले. वयाच्या ६७ व्या वर्षी ते 'वेलक्स फाइव्ह ओशन्स' या एकल प्रदक्षिणा शर्यतीची तयारी करीत होते. त्यांच्या किनाऱ्यावरील साहाय्यक पथकात राहून दोंदे यांनी हे काम जवळून पाहिले.

बांधणी

नौका भारतातच बांधायची, हे ठरले होते; मात्र अशी नौका बांधलेला कारखाना देशात नव्हता. रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस या कारखान्याला फायबरग्लासच्या लहान बोटींचा अनुभव होता, परंतु दक्षिण महासागराच्या लाटा सोसणारी शिडाची नौका त्यांनीही कधी केली नव्हती. नौदलाने हे काम त्यांना दिले, ही या कथेतील पहिली जोखीम. तिचे मोल पुढे समुद्रात एकटाच असलेला माणूस चुकविणार होता, म्हणून दोंदे बांधणीच्या काळात बराच वेळ कारखान्यातच असत. कोणता सांधा कसा बसविला आणि कोणती नळी कोठून गेली, हे त्यांना ठाऊक असणे आवश्यक होते. भर समुद्रात दुरुस्ती करणारे तेच होते.

आराखडा नेदरलँड्समधील व्हॅन डी स्टॅट या नौकारचना संस्थेचा असून 'टोंगा ५६' या नावाने ओळखला जातो. नौकेचे अंग देवदाराच्या जातीच्या हलक्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून घडविले आहे आणि त्यावर आतून व बाहेरून इपॉक्सी आणि काचतंतूंचे थर दिले आहेत. या पद्धतीत लाकूड गाभ्याचे काम करते आणि थर त्याला ताठरपणा देतात. सांगाडा प्रथम उलटा बांधून नंतर सुलटा केला जातो. नौकेची लांबी सुमारे १७ मीटर, रुंदी सुमारे ५ मीटर आणि वजन सुमारे २३ टन आहे. एकच डोलकाठी असून ती सुमारे २५ मीटर उंच, म्हणजे आठमजली इमारतीइतकी आहे. डोलकाठी, शिडे आणि उपकरणे यांचा बराच भाग परदेशातून आणावा लागला.

वेगाच्या दृष्टीने पाहिले तर म्हादेई जड नौका आहे. महासागरी शर्यतींसाठी फ्रान्समध्ये बांधल्या जाणाऱ्या तीन सांगाड्यांच्या अजस्र नौकांशी तिची तुलना केल्यास हे स्पष्ट होते. २००६ मध्ये 'ग्रुपामा ३' या नावाने पाण्यात उतरलेली ३१.५ मीटरची अशी नौका पुढे 'बांक पोप्युलेर ७' आणि मग 'आयडेक स्पोर्ट' झाली. प्रायोजक बदलला की मालकी, रंग आणि नाव बदलत गेले. तिने २०१०, २०१४ आणि २०१८ ची 'रूट द्यू र्‍हम' ही अटलांटिक शर्यत तीन नावांनी आणि तीन कप्तानांच्या हाती जिंकली, आणि २०१७ मध्ये सहा जणांच्या पथकासह ४१ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. म्हादेईचा मालक पहिल्या दिवसापासून नौदलच राहिला. तिच्यावर बदलत गेले ते सुकाणू धरणारे हात. तिच्याकडून अपेक्षाही निराळी होती. एका माणसाला हाताळता यावी, आणि तो माणूस थकून झोपी गेला तरी नौकेने त्याला सांभाळावे, हे तिच्या आराखड्यात वेगाहून महत्त्वाचे होते.

पहिली सागर परिक्रमा (२००९-१०)

नौका फेब्रुवारीत दाखल झाली आणि ऑगस्टमध्ये निघायचे होते. मधल्या सहा महिन्यांत तिची चाचणी कोलंबो आणि मॉरिशसच्या सफरींतून झाली. मॉरिशसहून गोव्यापर्यंतचा परतीचा प्रवास दोंदे यांनी एकट्याने केला.

१९ ऑगस्ट २००९ रोजी म्हादेई मुंबईहून निघाली. एकल प्रदक्षिणेचे काही सर्वमान्य नियम आहेत. सुरुवात व शेवट एकाच बंदरात व्हावा, सर्व रेखावृत्ते ओलांडावीत, विषुववृत्त किमान दोनदा छेदावे, सुएझ किंवा पनामासारख्या कालव्यातून जाऊ नये आणि एकूण अंतर किमान २१,६०० सागरी मैल असावे. या शेवटच्या आकड्याचे गणित सोपे आहे. वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला आणि प्रत्येक कलेला एक सागरी मैल, म्हणजे पृथ्वीचा संपूर्ण घेर. किलोमीटरमध्ये सुमारे ४०,०००. शिवाय ऑस्ट्रेलियाचे ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचे हॉर्न आणि आफ्रिकेचे गुड होप या तीन भूशिरांना दक्षिणेकडून वळसा घालावा, अशी परंपरा आहे.

मुंबईहून निघणाऱ्या नौकेला यासाठी प्रथम सरळ दक्षिणेकडे उतरावे लागते. विषुववृत्ताजवळचा वाऱ्याविना रखडण्याचा पट्टा पार केल्यावर ती चाळीस अंश दक्षिणेच्या आसपास पूर्वेकडे वळते. तेथे पश्चिमेचे वारे जमिनीचा अडथळा न येता पृथ्वीभोवती फिरत असतात. शिडाच्या नौकेला पुढे नेणारे हेच वारे तिला उलथवूही शकतात. हॉर्न भूशिराजवळ हा सगळा प्रवाह दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधील खिंडीतून जातो, म्हणून तेथे दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पोहोचण्याचा बेत नाविक करतात. म्हादेईच्या दोन्ही प्रदक्षिणांचे वेळापत्रक या एका ठिकाणावरून मागे मोजत आखलेले होते.

दोंदे यांनी ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन अशा चार ठिकाणी थांबे घेतले. या थांब्यांवर दुरुस्ती व पुरवठ्याची कामे करणाऱ्यांत अभिलाष टॉमी हे नौदलाचे वैमानिक होते. पुढच्या मोहिमेची पूर्वतयारी अशी पहिल्या मोहिमेतच झाली. नौकेवरील खाण्यात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेली बंद पाकिटांतील भारतीय जेवणे होती. भर दक्षिण महासागरात गरम पाण्यात पाकीट बुडवून पुलाव खाता येत असे.

म्हादेई मे २०१० मध्ये मुंबईस परतली आणि २२ मे रोजी तिचे औपचारिक स्वागत झाले. निघाल्यापासून २७६ दिवस लोटले होते. त्यांपैकी १५७ दिवस दोंदे समुद्रावर होते. या कामगिरीसाठी त्यांना शौर्यचक्र देण्यात आले. नौकेची बांधणी आणि प्रवास यांची हकिकत त्यांनी 'द फर्स्ट इंडियन' या इंग्रजी पुस्तकात लिहिली आहे.

केप ते रिओ शर्यत

दक्षिण अटलांटिक ओलांडणारी केप टाउन ते रिओ द जानेरो ही शर्यत १९७१ पासून होत आली आहे. म्हादेईने जानेवारी २०११ च्या आणि जानेवारी २०१४ च्या शर्यतीत भाग घेतला. शर्यतीसाठी केप टाउनला पोहोचणे म्हणजेच गोव्याहून हिंदी महासागर ओलांडणे होते, आणि रिओहून परतण्यासाठी पुन्हा अटलांटिक व हिंदी महासागर. त्यामुळे एका शर्यतीच्या निमित्ताने अनेक तरुण अधिकारी आणि खलाशी आळीपाळीने नौकेवर चढले आणि खोल समुद्रातील नौकानयन शिकले. नौदलाच्या दृष्टीने शर्यतीतील क्रमांकापेक्षा हा लाभ मोठा होता.

२०१४ ची शर्यत सुरू होताच पहिल्याच दिवसांत ताफा जोरदार वादळात सापडला. अनेक नौकांच्या डोलकाठ्या व सुकाणू मोडले आणि अंगोलाच्या नौकेवरील एका खलाशाचा मृत्यू झाला.

दुसरी सागर परिक्रमा (२०१२-१३)

टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले. मार्ग बराचसा तोच असला तरी अटी कठोर होत्या. कोणत्याही बंदरात शिरायचे नाही, कोणाकडून वस्तू घ्यायची नाही आणि इंजिनाचा उपयोग नौका पुढे नेण्यासाठी करायचा नाही. डिझेल होते ते विजेऱ्या भारित करण्यासाठी. स्वयंचलित सुकाणू, उपग्रह दूरध्वनी आणि दिवे या विजेवर चालत. पाच महिन्यांचे अन्न, पाणी, सुटे भाग आणि औषधे निघतानाच भरली होती. जे विसरले ते विसरलेच.

पहिल्या फेरीत बंदरांमध्ये झालेली दुरुस्तीची कामे या खेपेस भर समुद्रात एकट्याने करावी लागली. हॉर्न भूशीर जानेवारी २०१३ मध्ये ओलांडले गेले. परतीच्या अखेरच्या टप्प्यात पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळल्याचे आढळले. बंदरात जाऊन पाणी घेतले असते तर जीव सुखात राहिला असता, पण मोहीम तेथेच संपली असती. टॉमी यांनी उरलेले थोडे चांगले पाणी मोजून वापरले, पावसाचे पाणी साठविले आणि नौका पुढे चालू ठेवली.

३१ मार्च २०१३ रोजी म्हादेईने मुंबईबाहेरची समाप्तिरेषा ओलांडली. दीडशे दिवसांत सुमारे २३,००० सागरी मैल पार झाले होते. ६ एप्रिल रोजी गेटवे ऑफ इंडिया येथे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या उपस्थितीत टॉमी यांचे स्वागत झाले आणि पुढे त्यांना कीर्तिचक्र मिळाले. दोंदे या वेळी किनाऱ्यावर मार्गदर्शकाच्या भूमिकेत होते. दोघांची कामे पहिल्या मोहिमेच्या नेमकी उलट झाली होती.

प्रशिक्षण नौका

दोन प्रदक्षिणांनंतर म्हादेईचा मुक्काम गोव्यात राहिला. महिला अधिकाऱ्यांच्या पथकाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असे ठरल्यावर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालील अधिकाऱ्यांनी याच नौकेवर सराव केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी ती आंतरराष्ट्रीय ताफा संचलनासाठी विशाखापट्टणमला नेली. त्याच वर्षी मॉरिशस आणि नंतर केप टाउन असे वाढत्या अंतराचे पल्ले झाले. प्रशिक्षकांमध्ये दोंदे होते. या सर्व प्रवासांची बेरीज करता म्हादेईने एक लाखाहून अधिक सागरी मैल कापले आहेत.

तारिणी आणि थुरिया

महिलांच्या प्रदक्षिणेसाठी मात्र नवी नौका बांधण्यात आली. टोंगा ५६ याच आराखड्यावर, त्याच कारखान्यात तयार झालेली आयएनएसव्ही तारिणी १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात आली. रचना सारखीच असल्यामुळे म्हादेईवर शिकलेले हात तारिणीवर चाचपडत राहिले नाहीत. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात गोव्याहून निघून गोव्याला परत येत 'नाविका सागर परिक्रमा' पूर्ण केली. थांबे दोंदे यांनी घेतले तेच होते. परतीच्या वाटेवर सुकाणूतील बिघाडामुळे मॉरिशस हा एक थांबा वाढला.

अ‍ॅक्वेरियसची पुढची नौका आकाराने निम्मी होती. १९६८ च्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१८ मध्ये 'गोल्डन ग्लोब' शर्यत पुन्हा झाली. तीत जुन्या काळची साधनेच वापरण्याची अट होती. टॉमी यांच्यासाठी सुहालीची प्रतिकृती म्हणून बांधलेली 'थुरिया' १ जुलै २०१८ रोजी फ्रान्सच्या ले साब्ल दोलोन येथून निघाली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर असलेल्या टॉमी यांना २४ सप्टेंबर रोजी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने वाचविले. थुरिया तेथेच सोडून द्यावी लागली. नौदलातून निवृत्त झाल्यावर टॉमी याच शर्यतीच्या २०२२ च्या आवृत्तीत 'बयानात' या नौकेतून उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने परतले.

तारिणीच्या दुसऱ्या प्रदक्षिणेतील दिलना के. आणि रूपा ए. या लेफ्टनंट कमांडर दर्जाच्या दोघी अधिकाऱ्यांना टॉमी यांनी प्रशिक्षण दिले होते. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघालेल्या त्या दोघी २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या.